रांजणा, सांग गा तिले

मघाशी तू विचारलंस, "यमुताई, कूलर बंद करू का?" आणि मी नुसती मान हलवली, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं, शोभा. म्हातारीला शिष्टपणा चढलाय, असंच वाटलं ना? वाटू दे. एरवी कान किटेपर्यंत बडबडणारी बाई हो की नाही विचारलं की मुकी का होते, याची आमच्या घरात भरपूर थट्टा होते. माझा भाचा म्हणतो, मावशी निवडणुकीला उभी राहिली तर भाषण ठोकेल, पण मत विचारलं की मान डोलावेल. त्याला मी कधी काही सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तू उद्यापासून हेच काम करणार आहेस. लोकांची दुःखं ऐकायची आणि कागदावर उतरवायची. तेव्हा बस अशी इथे, पाय वर घेऊन.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नागपुरात धंतोलीत डॉ. शरच्चंद्र खानझोडे यांचा मनाच्या आजारांचा दवाखाना होता, वरच्या मजल्यावर. खाली हाडांचे डॉक्टर. आमचे पेशंट हाडांच्या गर्दीत मिसळून यायचे आणि कुणाचं लक्ष नाही बघून पटकन जिना चढायचे. वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलो हे गावात कळू नये, म्हणून लंगडत येणारेही मी पाहिले आहेत.

डॉक्टर परदेशातून एक नवा उपचार शिकून आले होते. उदासीनतेच्या आजारात नुसत्या गोळ्या देऊन थांबायचं नाही. त्या माणसाचं त्याच्या माणसांशी काय बिनसलंय, कुणी गेलंय का, कुणाशी भांडण अडकून पडलंय का, ते शोधायचं, ठरावीक आठवडे त्यावरच बोलायचं आणि मग नीट निरोप घ्यायचा. मी समाजकार्य शिकलेली. माझ्याकडे नोंदीचं काम. टेबलाच्या कडेला बसायचं, टेपरेकॉर्डर सुरू करायचा, तोंड मिटून ऐकायचं आणि सगळे गेल्यावर कॅसेट लावून कागदावर उतरवून काढायचं. डॉक्टर काय बोलले, पेशंट काय बोलला, सोबतचं माणूस काय बोललं, यांचे तीन रकाने. सोबतच्या माणसाचा रकाना मीच वाढवला होता, कारण आपल्याकडे पेशंट कधी एकटा येतच नाही. कुणी गप्प बसलं तर कंसात 'शांतता' लिहायचं. उतरवून झालं की कॅसेट पुसून टाकायची, म्हणजे कुणाचं कुणाला कळायला नको. कधी कधी डॉक्टर म्हणत, "यमुताई, आता तुम्ही यांच्या सासूबाई व्हा," आणि मग मी समोर बसून सासू व्हायची. पण ते त्यांनी सांगितलं तरच. एरवी मी म्हणजे त्या खोलीतली खुर्ची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दवाखान्यातला माठ गळायला लागला. लकडगंजला माझी मावशी राहायची, तिच्याकडून येताना मी रस्त्यावरच्या ढिगातून एक माठ घेतला. बोटांनी वाजवून, चांगला खणखणीत बघून घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून आणला. बाहेरच्या खोलीत दुपारी ऊन यायचं. म्हणून आतल्या खोलीत, जिथे डॉक्टर पेशंटशी बोलत, तिथे कूलरच्या बाजूच्या कोपऱ्यात तिवईवर ठेवला. माझ्या दृष्टीनं तेवढंच काम होतं आणि ते झालं होतं.

त्याच आठवड्यात गोपिकाबाई आल्या.

काटोलकडच्या एका गावच्या. घरची संत्र्याची बाग, एकत्र कुटुंब. बाई चाळिशीच्या पुढची, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं. डोक्यावरचा पदर दातात धरून खुर्चीच्या टोकावर बसल्या. सोबत नवरा, महादेवराव. उंच, पांढरी टोपी, हातात छत्री. बोलायचं ते त्यांनीच सुरू केलं.

"डाक्टरसाहेब, माह्या मोठ्या भावाची बायको, वच्छला वयनी, दिवाळीले गेली. तवापासून हे जेवत नाई, झोपत नाई. रांजणापाशी बसून राहते दिवसभर. अन् नवल सांगू का? ह्या दोघी बोलतच नव्हत्या जी! माहं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्याच साली जावाजावांनी अबोला धरला. जिच्याशी जन्मभर बोलली नाई, ती मेली तं ही काहून अशी खचून राहिली?"

डॉक्टरांनी गोपिकाबाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्या कोपऱ्यातल्या माठाकडे पाहत होत्या. मग त्या माठालाच म्हणाल्या, "यायले सांग गा, मले काही वाटत नाई."

मी ते पेशंटच्या रकान्यात लिहिलं. आत हसूही आलं मला, खोटं कशाला सांगू?

पुढच्या खेपेला त्या बोलल्या. माठाकडे तोंड करून, पण बोलल्या. भांडण कशावरून झालं म्हणशील, तर एका नथीवरून. गोपिकाबाईंच्या आईनं दिलेली नथ वच्छलानं न विचारता आपल्या बहिणीला लग्नात घालायला दिली. परत आली तेव्हा एक मोती नव्हता. "मोती काहून नाई?" असं हिनं विचारलं. "माह्यावर चोरी घालतं का वं?" असं तिनं विचारलं. एवढंच. त्या दिवसापासून एका चुलीपाशी दोघी, आणि एकमेकींशी अक्षर नाही.

"मग घर कसं चालायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रांजण होता ना जी," बाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात पाण्याचा मोठा रांजण पुरलेला होता. तिकडच्या अंगाला वच्छला, इकडच्या अंगाला ही. जे सांगायचं ते रांजणाला सांगायचं. रांजणा, सांग गा तिले, वरण लागून राहिलं. रांजणा, तिले म्हण, मले नाक आहे. रांजणा, विचार तिले, माह्या माहेरचा आंबा कोण खाल्ला. सगळ्या गावाला ठाऊक. पोरं नकला करायची. आणि बघ, सांगता सांगता गोपिकाबाईंचा आवाज बदलत गेला. मुलींची लग्नं दोघींनी रांजणापाशी ठरवली. हिचं एक मूल पोटातच गेलं, तेव्हा वच्छला रात्रभर रांजणाला समजावत बसली होती, सांग गा तिले, रडून घे, मनात नको ठेवू.

"तिच्याइतकं मी कोणाशीच बोलली नाई," बाई म्हणाल्या. "नवऱ्याशीबी नाई."

महादेवराव खाली मान घालून टोपी चाचपत राहिले.

आणि मग शेवटचं. वच्छला कावीळ होऊन माजघरात पडली होती. तिथे रांजण नाही. ही उशाशी बसायची, कपाळावर पट्टी ठेवायची, पण बोलायचं कुणाला? त्या दुपारी ही पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि मागून हाक आली. "गोपिके..." रांजणाला नाही. सरळ तिलाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी ओ नाई देल्ली जी." बाई आता माठाकडेही पाहत नव्हत्या. "मले वाटलं, मारू दे अजून एक हाक. एवढी वर्षं मी वाट पायली, तिनं दुसऱ्यांदा हाक मारावं एवढं तं माहं आहे ना? गडवा हातात घेऊन मी उभी राह्यली. दुसरी हाक आलीच नाई. आत जाऊन पायलं तं..."

कूलर घरघरत होता. मी कंसात 'शांतता' लिहिलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या बाईला हवं होतं ते एवढंच, की ती ओ द्यायची राहून गेली होती, ती द्यायला मिळावी. बाकी कशासाठी ती जेवत नव्हती असं मला आजही वाटत नाही.

त्या गेल्यावर डॉक्टर खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. चांगला माणूस होता तो. पेशंटसाठी जीव टाकायचा. पण नवीन शिकून आलेला. ते म्हणाले, "यमुताई, हेच ते. आडून बोलण्यात सगळा जन्म गेला. इथेही त्या माठालाच सांगताहेत. हे तोडायला हवं. सरळ माणसाशी बोलायचं. तो माठ बाहेर काढा."

मला पटलं. त्यांच्या पुस्तकात तसंच होतं आणि ऐकायलाही बरोबर वाटत होतं. पुढच्या खेपेच्या दुपारी, त्या यायच्या जरा आधी, मीच तो माठ उचलला आणि बाहेरच्या खोलीत बाकाखाली ठेवला.

नागपुरातली मे महिन्यातली दुपार तुला सांगायला नको. मध्यरात्री रस्त्यावर कुत्रं तरी भेटतं, दुपारी तेही नाही. पडदे ओढलेले, वाळ्याचा ओला वास, खोलीत हिरवट काळोख आणि कूलरचा तो एकसुरी आवाज. गोपिकाबाई आल्या त्या दारातच थबकल्या. तिवई रिकामी होती. तिच्यावर माठाच्या बुडाचा गोल ओला डाग अजून वाळला नव्हता. बाईंनी तो डाग पाहिला. मग खोलीभर नजर फिरवली, काही हरवलेलं शोधावं तशी. आणि शेवटी ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी टेप सुरू केला. पाणी पिऊन यावं असं वाटलं, पण उठवेना. मला वाटलं, शेजारी कुणाच्या तरी घरी वरण लागलंय. करपलेल्या डाळीचा वास, वाळ्याच्या वासाखालून, हळूहळू वर येणारा. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की कुणीही फारसं काही बोललं नाही. माझ्या कागदावर 'शांतता', 'शांतता', 'शांतता' असंच होतं. मध्येच बाईंनी पदर डोळ्यांना लावला. निघताना मात्र त्या हसल्या. पहिल्यांदा हसताना पाहिलं मी त्यांना.

डॉक्टर खुशीत होते. "छान केलंत, यमुताई," म्हणाले. मला वाटलं, नोंदीबद्दल म्हणताहेत. मी मान डोलावली.

मग मी कॅसेट लावली.

आधी कूलर. डॉक्टरांचा प्रश्न. कूलर. आणि मग एक बाई बोलायला लागली.

"यमुताई... सांगा जी तिले, जेवून घे म्हणा. काय हाल करून घेतले अंगाचे."

मी दचकून टेप बंद केला. पुन्हा लावला. आवाज माझा होता, शोभा. माझा. स्वतःचा आवाज टेपवर ऐकायची मला सवय होती, सासू होऊन किती वेळा बोलले होते मी. माझ्याच आवाजात कुणी तरी मला नावानं हाक मारत होतं आणि तिला निरोप सांग म्हणत होतं.

मागून गोपिकाबाईंचा आवाज, अगदी घरगुती. "यमुताई, तिले म्हणा, तिच्या हातची अंबाडीची भाजी नाई तं घास उतरत नाई."

"मग शिकली काहून नाई? एवढी वर्षं पाहून राहिली होती ना चुलीपाशी?"

आणि हसणं. तसं मी हसत नाही. कधीच हसले नाही.

पुढे दोघी बोलतच होत्या. बागेचं, मुलींचं, एका म्हशीचं. मध्ये मध्ये डॉक्टर हलकेच म्हणत होते, "हं, बोला, बोला." आणि शेवटी तो माझा आवाज खाली आला.

"यमुताई, तिले सांगा... मोती सापडला होता मले. त्याच साली. रांजणाच्या बुडाशी, मातीत. तिथंच पुरून ठेवला, फडक्यात बांधून. देऊ कसा? बोलणं नव्हतं ना."

मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, हे मी बोललेले नाही. ते हसले. "तुम्हीच बोलत होता, माझ्यासमोर. मला वाटलं मी न सांगता तुम्ही वच्छलाबाई झालात. मी मनात म्हटलं, वा! ही भाषा तर फारच झकास जमली." मग माझा चेहरा पाहून त्यांनी मला सरबत पाजलं आणि दोन दिवस सुट्टी घ्या म्हणाले. उन्हाचा त्रास झाला असेल, आठवत नसेल. मोत्याचं काय, ते सुचलं असेल ओघात.

मलाही तेच खरं वाटायला हवं होतं. दोन दिवस मी घरी कपाळावर कांद्याच्या फोडी ठेवून पडून राहिले आणि स्वतःला तेच सांगत राहिले.

पुढच्या खेपेला गोपिकाबाई जिना चढून आल्या त्या नाकात नथ घालून. भरल्या अंगाच्या वाटायला लागल्या होत्या. महादेवराव डॉक्टरांच्या पाया पडायलाच निघाले. "साहेब, जेवून राहिली, झोपून राहिली! अन् तो मोती... रांजण हलवून पायला मी. फडक्यात बांधून ठेवेल होता, खाली. वयनीनंच ठेवला असन. अहो, तुमाले कसं कळलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता.

त्या दिवशी त्यांनी बोलणं लवकर आवरलं. नवरा-बायको गेल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, "आपण हे संपवू. तसाही निरोपाचा भाग आता यायलाच हवा. पुढच्या वेळी एकदा त्यांना ती ओ देऊ दे, म्हणजे त्या मोकळ्या होतील. यमुताई, तुम्ही एकच हाक मारायची. गोपिके. बस."

"मी नाही मारणार," मी म्हटलं. "मला सांगू नका, डॉक्टर. मी तोंडच उघडणार नाही."

त्यांनी आग्रह केला नाही. "बरं. नुसत्या बसा. हाक नको. मी बोलेन त्यांच्याशी."

शेवटच्या त्या बैठकीला मी पदराचा बोळा करून तोंडात धरला, आणि दात घट्ट मिटले. डॉक्टर माझ्यासमोर, अगदी मला दिसतील असे बसले होते. त्यांचं लक्ष माझ्या ओठांवरच होतं. गोपिकाबाई खुर्चीत आरामात मागे टेकून बसल्या होत्या, नथ चमकत होती. वाळ्याचा वास. आणि त्याच्याखालून तो दुसरा... वरण लागल्याचा. मी दात आणखी आवळले. डॉक्टर काहीतरी निरोपाचं बोलत होते. बोलता बोलता थांबले, कारण बाईंनी मान तिरकी केली होती. दुरून काही ऐकू येतंय का, असं बघतो ना आपण, तशी. वाट पाहिली त्यांनी. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही.

आणि मग त्या मोठ्यानं, हसऱ्या आवाजात म्हणाल्या, "ओ!"

डॉक्टर म्हणाले, "कुणाला... ओ कुणाला दिलीत?"

"दोनदा मारली ना हाक," बाई म्हणाल्या. "आता ओ नाई देऊ?"

डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पदर माझ्या तोंडातच होता.

जाताना गोपिकाबाईंनी जिन्याशी माझ्या गालावरून हात फिरवला. "लय बोलवलं आम्ही तुमच्याकडून, बाई. आता नाई हो त्रास द्यायच्या." हात थंडगार होता, माठासारखा. एवढ्या उन्हाळ्यात बाईचा हात इतका थंड कसा, हे माझ्या तेव्हा मनात आलं होतं. आजही वाटतं, त्या क्षणी मी त्यांचा हात धरून ठेवायला हवा होता. धरून काय झालं असतं, देव जाणे.

ती कॅसेट मी लावली नाही. डॉक्टरांनीही म्हटलं, राहू द्या. त्यांनी न ऐकताच ती पुसली आणि मी नोंदीच्या कागदावर फक्त लिहिलं, 'पेशंटची प्रकृती सुधारली. उपचार पूर्ण.' तेवढं तरी खोटं नव्हतं.

पावसाळा लागायच्या आधीच एका दुपारी महादेवराव आले. एकटेच. दाढी वाढलेली. टोपी नव्हती.

"गेली जी," त्यांनी सांगितलं. "तुमच्याकडून गेली तवा चांगली होती. हसून राहिली होती. बागेत गेली, कुरडया घातल्या. एका दुपारी रांजणाले टेकून बसली होती, मले वाटलं डोळा लागला. चहाले उठवाले गेलो तं... तोंडावर हसू तसंच. दुखणं नाई, काही नाई."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी तो माठ काढायला नको होता," ते म्हणाले. "त्यांना त्यांच्या पद्धतीनं बोलू द्यायला हवं होतं. मध्ये काहीतरी होतं, तेवढंच..." एवढा मोठा डॉक्टर, पेशंटच्या नवऱ्यासमोर लहान मुलासारखा रडला. मी त्यांना पाणी आणून दिलं. बाकाखालच्या माठातलंच.

महादेवरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी काहून रडता साहेब? तुमी तं तिले सुख देल्लं." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, एक इचारू का? घरात आता मी अन् भाऊ. पोरी सासरी. दुपारी मी ओसरीवर पडतो, अन् आत दोघी बोलत राहतात. रांजणाले नाई आता. एकमेकीलेच. हासतात, खिदळतात. भावाले ऐकू येत नाई, त्याचे कान गेले. मी ऐकत पडून राहतो. मले भेव नाई वाटत, बाई. मले वाईट वाटते. जित्या असताना एवढं बोलल्या असत्या तं..."

त्यांनी डोळे पुसले. खिडकीतून रस्त्यावरची उन्हाची तिरीप आली होती.

"दोन दिवसांपासून मले आवाज देऊन राहिल्या. पहिल्या आवाजाले मी गप राहतो. मग दुसराबी देतात." ते पुढे झुकले. "यमुताई, तुमी वयनीच्या मनातलं सांगितलं होतं. तुमीच सांगा. ओ देऊ का नको?"

शोभा, मला काय सांगायचं होतं ते माझ्या मनात लख्ख होतं. नका देऊ. घर सोडा, मुलीकडे जाऊन राहा, दुपारी घरात थांबू नका. सगळे शब्द तोंडात तयार होते. मी तोंड उघडलं. करपल्या डाळीचा वास आला.

"द्या ना भाऊजी," मी म्हणाले. "काहून थांबून राहिले?"

महादेवरावांचा चेहरा एकदम उजळला. घरचं माणूस गर्दीत भेटावं तसा. ते उठले, दोन्ही हात जोडले. "हव, वयनी," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मला भान आलं तेव्हा डॉक्टर मला हलवत होते. मी अनवाणी धावत खाली गेले. रस्ता पार रिकामा, डांबर तापलेलं, तळवे भाजले. दूरवर एकही माणूस नाही, सायकल-रिक्षा नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी पत्र टाकलं, मग तार केली. कशाचंच उत्तर आलं नाही. पुढे डॉक्टर स्वतः गावी जाऊन आले. काय पाहिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्यानंतर त्या दवाखान्यात टेप लावला गेला नाही. माठ मात्र त्यांनी पुन्हा आतल्या खोलीत ठेवला, त्याच तिवईवर, आणि कुणी पेशंट त्याच्याकडे तोंड करून बोलायला लागला तर ते गप्प बसून ऐकून घ्यायचे.

तर हे असं आहे. त्या माणसाला मला थांबवायचं होतं, आणि मीच त्याला पाठवलं. कुणी काही म्हणो, तोंड माझंच होतं. म्हणून मी कुणाला हो की नाही ते मानेनं सांगते. मानेवर माझा भरवसा आहे. गोष्ट सांगायला मला भीती वाटत नाही, त्यात कुणी काही विचारलेलं नसतं.

चल, उठ आता. चहा ठेव. आणि आधी तो गॅस बघ, वरण लागलंय बहुतेक, वास सुटलाय.

ठेवलंच नाहीस? वरण ठेवलंच नाहीस?

मग तू आत्ता ओ का दिलीस, शोभा? मी तुला हाक मारली नाही.